कानात वारं भरलेली कुत्री आणि घरच्या घरी अॅजिलिटी

भिंगरीची_माय

नमस्कार मंडळी. आमच्याकडे भिंगरी नावाची दहा महिन्यांची कुत्री आहे. जात मिश्र, खांद्यापाशी उंची साधारण ४५ सेंमी, अंगाने सडपातळ, आणि उत्साह असा की कानात वारं भरलेलं वासरू परवडलं. हुशार आहे. बस, थांब, ये, पंजा दे हे सगळं पटापट शिकली. म्हटलं, हिच्या अंगातली रग कुठेतरी कामाला लावू. अॅजिलिटीचे (कुत्र्याने माणसाच्या इशाऱ्यावर पळत अडथळे पार करायचा खेळ) व्हिडिओ बघितले आणि घरातच सुरू केलं. दोन स्टुलांवर झाडूचा दांडा आडवा ठेवला, मुलांचा घडीचा टनेल मांडला.

पहिली उडी झकास. दुसऱ्या उडीला भुंकणं सुरू. तिसऱ्या वेळी दांडाच तोंडात धरून पसार. टनेलमध्ये शिरली की बाहेर येते, वळते, पुन्हा आत. मी हाका मारतेय याची दखलही नाही. आणि मी तिच्याबरोबर पळायला लागले की माझ्या पायजम्याचा काठ धरून लोंबकळते. दोन पायजमे कामी आले.

स्पर्धा वगैरे डोक्यात नाही. मला इतकंच विचारायचंय की अशा पिल्लाला घरी शिकवता येतं का, आधी तिला दमवून मग शिकवायचं का, आणि या वयात उड्या मारू द्याव्यात का?

उनाड_पाऊल

ऊर्जा उतू चाललीये, बाकी काही नाही. सरावाआधी अर्धा तास चेंडू फेका. दमलेलं कुत्रं शहाणं कुत्रं.

तिरकस

कुत्र्याला कुत्रा राहू द्या की हो! आधी माणसांच्या पोरांना क्लास लावले, आता यांनाही?

मंदगती

तिरकस, भिंगरीला क्लास नकोय हे खरं, पण उद्योग हवाय. नाही दिला तर ती स्वतः शोधेल, आणि तिची निवड पायजम्यांवरून दिसतेच आहे.

उनाड, तुमच्याशी मात्र भांडायचंय. चेंडूने कुत्रं दमत नाही, त्याचा दम वाढतो. आज अर्धा तास लागला तर काही आठवड्यांनी पाऊण तास लागेल, म्हणजे आपण घरात एक खेळाडू तयार करतोय आणि तोही आपल्याविरुद्ध. शिवाय चेंडूमागे भान हरपून धावलेलं कुत्रं अंगाने थकतं, पण डोकं चढलेलंच राहतं. पाय दमलेत, डोकं तापलंय अशा अवस्थेत उडी शिकवणं हे सर्वांत वाईट. तोल तेव्हाच जातो.

भिंगरीच्या मायला: तिची उत्तेजना हाच तुमचा मूळ विषय आहे, उडी नंतर. यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी १९०८ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की उत्तेजना एका मर्यादेपर्यंत शिकण्याला मदत करते, त्यापुढे गेली की शिकणं बिघडतं. आणि काम जितकं अवघड तितकी ही मर्यादा खाली येते. भिंगरीला 'बस' तिच्या कितीही चढलेल्या अवस्थेत जमेल, कारण ते सोपं आहे. पण दांडा बघायचा, पावलं मोजायची, उडी घ्यायची, उतरून तुमच्याकडे बघून वळायचं, एवढं सगळं त्या अवस्थेत जमणार नाही. मग ती जे जमतं ते करते. दांडा उचलते.

म्हणून पहिला महिना दांडा, टनेल सगळं आत ठेवून द्या. करायचं ते असं.

एक चटई घ्या. तीच चटई रोज, आणि सराव नसताना गुंडाळून ठेवायची. भिंगरीने तिच्यावर पाय ठेवला की खाऊ चटईवरच ठेवायचा, हातातून द्यायचा नाही. बसली की आणखी, आडवी झाली की आणखी. एक कुल्ला टेकवून पाय बाजूला टाकून सैलावली की सगळ्यात जास्त. कुत्रं उडी मारायच्या तयारीत आडवं झालेलं असतं तेव्हा मागचे दोन्ही पाय अंगाखाली दुमडलेले असतात; खरंच सैलावलं की कंबर एका बाजूला कलते. हा फरक बघायला शिका, बाकी निम्मं काम झालं.

मग चटईवरून उठवून दोन मिनिटं खेळ, आणि पुन्हा चटई. खेळ म्हणजे दोरी ओढाओढी. तोंडातली दोरी 'सोड' म्हटल्यावर सुटली पाहिजे. आपण दोरी गुडघ्याशी धरून ती निर्जीव केली की बहुतेक कुत्री कंटाळून सोडतात. सोडल्या क्षणी 'घे' म्हणून पुन्हा जिवंत करायची. सोडल्याने खेळ संपत नाही, उलट सुरू होतो, हे तिला कळलं की अर्धी लढाई जिंकलात. चढणं आणि उतरणं, दोन्हींचा सराव व्हायला हवा. नुसतं शांत बसवून ठेवलेलं उत्साही कुत्रं मैदानात पहिल्याच धावेत फुटतं.

भिंगरीची_माय

बाप रे, केवढं सविस्तर! पण दांडा महिनाभर आत? मग अॅजिलिटी काय करायची?

मंदगती

तीच तर. धावपट्टीवर दोन अडथळ्यांच्या मधलं अंतर हीच खरी अॅजिलिटी. उडी बहुतेक कुत्र्यांना येतेच. उडीनंतर कुठे जायचं हे कळत नाही, आणि ते सांगायचं काम आपलं.

पावलं_आणि_पंजे

मी पशुवैद्यक आहे, वयाबद्दल लिहिते. पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांना कूर्चेचे पट्टे असतात, ग्रोथ प्लेट म्हणतात त्या. हाड तिथून वाढतं आणि तोवर तो भाग हाडापेक्षा नाजूक असतो. लहान-मध्यम चणीच्या कुत्र्यांत त्या साधारण वर्षाच्या आसपास बंद होतात, मोठ्या जातींत दीड वर्षापर्यंतही जातात. लवकर नसबंदी झाली असेल तर बंद व्हायला आणखी वेळ लागतो. म्हणूनच एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या नियमांत स्पर्धेसाठी किमान वय १८ महिने आहे, अमेरिकन केनेल क्लबच्या नियमांत १५.

याचा अर्थ भिंगरीने तोवर पलंगावरून उतरायचंच नाही असा नव्हे. बागेत मनाने धावताना, खेळताना मारलेली एखादी उडी वेगळी आणि तीच उडी त्याच पायावर उतरत लागोपाठ दहा वेळा वेगळी. धोका पुनरावृत्तीत आहे. उतरताना भार पुढच्या पायांवर येतो. तेव्हा सध्या दांडा जमिनीवर किंवा फार तर तिच्या पुढच्या पायाच्या मनगटाइतका उंच. वीव्ह पोलमधून, म्हणजे एका ओळीत उभ्या रोवलेल्या दांड्यांमधून, वेगाने नागमोडी जाणं आणि जागच्या जागी काटकोनात वळणं हेही तितकंच टाळा. लोक उडीला घाबरतात आणि मणका पिळणाऱ्या या गोष्टी बिनधास्त करून घेतात.

आणि फरशी! गुळगुळीत फरशीवर एकही उडी नको, पळापळ नको. गवत, माती, रबरी मॅट चालेल. नखं फरशीवर टकटक वाजत असतील तर वाढलेली आहेत, कापा. पंज्याच्या गाद्यांमधले केस लांब असतील तर तेही.

झिपरीवाला

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. वजनाचंही लिहा ना डॉक्टर. आमच्या बागेत येणारी निम्मी कुत्री गोलमटोल आहेत आणि मालक त्यांना ए-फ्रेमवर (छपरासारखा दोन्हीकडे उताराचा अडथळा) चढवायला निघालेत.

पावलं_आणि_पंजे

हात फिरवल्यावर फासळ्या सहज लागल्या पाहिजेत, वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे. सरावात दिलेला खाऊ रोजच्या जेवणातून वजा करायचा. बाकी काही नाही.

भिंगरीची_माय

फासळ्या लागतात, हुश्श. पण मी पळायला लागले की ती चावते त्याचं काय? 'नाही' म्हणून बघितलं, ओरडून बघितलं, थांबून बघितलं. थांबले की सोडते, निघाले की धरते.

सुसाट_शेपूट

हा माझा विषय. आमच्याकडे मेंढ्या हाकणाऱ्या जातीची कुत्री आहे, तिने माझ्या पोटऱ्यांवर नक्षीकाम केलंय.

माझं मत असं की हे कुत्रं चिडून करत नाही, गोंधळून करतं. पळणारं माणूस ही आधीच चेतवणारी गोष्ट, त्यात त्या माणसाकडून पुढची सूचना वेळेवर येत नाही. आपण अडथळ्यापाशी पोचल्यावर 'उडी!' म्हणतो, तोवर कुत्रं तिथे पोचून आपली वाट बघतंय. मग भुंकतं. तरी कळलं नाही तर कपडा धरतं. स्पर्धांमध्ये हँडलरभोवती, म्हणजे कुत्र्याबरोबर पळणाऱ्या माणसाभोवती, गोल फिरून भुंकणारी कुत्री दिसतात, तिथे नीट बघा, बहुतेक वेळा हँडलरला पुढचा अडथळा कुठला हे आठवत नसतं.

तुम्ही असं करा. धावू नका, चाला. भिंगरी तुमच्या डाव्या बाजूला. चालताना खाऊ देताना हात डाव्या मांडीच्या शिवणीशी, तिचं नाक तिथेच. चार पावलं, खाऊ. गोल फिरा, खाऊ. मग उजवी बाजू. ती नीट चालली की थोडं भराभर चाला. जिथे तिचं डोकं वर, तुमच्या हाताकडे किंवा कपड्याकडे जायला लागलं, तो तुमचा आजचा वेग. त्याच्या आतच राहायचं. वेग हळूहळू वाढतो, घाई केली की पायजमा जातो.

दुसरं म्हणजे बक्षीस अंगापासून दूर द्या. खाऊ कायम तुमच्या खिशातून, दोरी कायम तुमच्या हातातून येत असेल तर वेग वाढल्यावर ती तुमच्याकडेच झेपावणार, बक्षिसाचं घर तेच आहे ना! तुम्ही दोघी समोर बघून पळताय तर दोरी तिच्या नाकापुढे, समोर, जमिनीवर पडली पाहिजे. ती तुम्हाला ओलांडून पुढे गेली पाहिजे. आम्ही एवढं एकच बदललं आणि पोटऱ्या वाचल्या.

उनाड_पाऊल

म्हणजे तिचं लक्ष आपल्यावर नको? सगळीकडे तर 'डोळ्यात डोळे घालून बघायला शिकवा' सांगतात.

सुसाट_शेपूट

घरात, रस्त्यावर हवं. अॅजिलिटीत आपल्याकडे बघत पळणारं कुत्रं दांड्यावर आदळतं. तिला कडेच्या नजरेने आपले खांदे दिसत असतात, तेवढं पुरतं. कुत्री आवाजापेक्षा हालचाल आधी वाचतात. तोंडाने 'टनेल' आणि खांदा दांड्याकडे असेल तर ती दांड्यावर जाणार आणि आपण म्हणणार ऐकत नाही.

मंदगती

सुसाटने लिहिलंय त्यात घालतो. खांद्याचा सराव कुत्र्याशिवाय करा. अंगणात एक बादली ठेवा, कुत्रं डाव्या हाताला आहे असं समजून तिच्याभोवती चालत या, मग कुत्र्याकडे तोंड करून वळा आणि त्याला उजव्या हाताला घ्या. हाच फ्रंट क्रॉस. शेजारी बघून हसतील, हसू द्यात. कुत्र्याच्या मागून बाजू बदलली की रिअर क्रॉस, पण तो नंतर, कारण त्यात कुत्र्याला आपल्यापुढे विश्वासाने जावं लागतं. आपले पाय अडखळत असताना कुत्र्याला मधे घेतलं की त्याचा सराव नाही, आपला सराव त्याच्या खर्चाने.

आणि आता ज्याची तुम्ही वाट बघताय ते सामान. दांडा आत असला तरी हे करू शकता:

एक जड, न घसरणारं पालथं घमेलं किंवा पाट. तिच्या पुढच्या दोन पंजांपुरता. पुढचे पाय त्यावर ठेवले की खाऊ. मग तुम्ही तिच्यासमोर उभं राहून एक पाऊल बाजूला सरका. तुमच्याशी समोरासमोर राहायचं म्हणून ती मागचा एखादा पाय हलवेल. तो पाय हलला त्या क्षणी खाऊ. सुरुवातीला मागचा पाय चुकून हलतो आणि तिलाच माहीत नसतं काय झालं, चेहरा बघण्यासारखा असतो. थोड्या दिवसांत ती पुढचे पाय घमेल्यावर रोवून मागच्या पायांनी पूर्ण गोल फिरायला लागेल. कुत्र्यांना आपल्याला मागेही दोन पाय आहेत याची फारशी जाण नसते. ते पुढच्यांच्या मागे आपोआप येतात. डॉग वॉकची, म्हणजे कुत्र्याने चालत जायच्या उंच पुलाची, फळी फक्त ३० सेंमी रुंद आणि जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास असते. तिथे मागचे पाय कुठे आहेत हे ठाऊक नसलेलं कुत्रं पडतं.

दुसरं, चार-पाच दांडे जमिनीवर आडवे, समांतर. त्यावरून चालत, अगदी चालत. धावली तर अंतर कमी करा.

आणि वीव्ह पोलची सगळ्यांना घाई असते म्हणून सांगतो, स्पर्धेत ते १२ असतात, ६० सेंमीच्या अंतराने, आणि पहिला पोल कुत्र्याच्या डाव्या खांद्याला लागेल असं आत शिरायचं. घरी सध्या दोनच पोल आणि फक्त मधून जाणं. कुठल्याही कोनातून आली तरी पहिला पोल डावीकडे. बास.

झिपरीवाला

टनेलचा प्रश्न राहिला. पुन्हा पुन्हा आत शिरते त्याचं?

मंदगती

टनेल स्वतःच बक्षीस आहे. अंधार, वेग, पायाखाली खडखड, उत्साही कुत्र्याला आणखी काय हवं. तिला मनाने शिरायला मिळालं तर आपल्या खाऊला कोण विचारतो. म्हणून टनेल उघडा पडलेला नसावा. वापरून झाला की दोन्ही तोंडं मिटून ठेवा. वापरताना भिंगरी पट्ट्यावर किंवा चटईवर, तुमच्या शब्दावर सोडायची, आणि बाहेर येते तिथे आधीच दोरी पडलेली. एकदा गेली, दोरी घेतली, खेळलात, चटई. संपलं.

मुलांच्या टनेलला वजन नसतं, कुत्रं आत वळलं की तो लोळतो. दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या टेकवा. एकदा आत असताना टनेल लोळला तर पुढे कित्येक आठवडे ती तोंडाशीच थबकेल. स्पर्धेतल्या टनेलचा व्यास ६० सेंमी असतो, मुलांचे बरेचसे त्याहून अरुंद. भिंगरीला आत वाकून सरपटावं लागत असेल तर नकोच तो.

तिरकस

गंमत म्हणून विचारतो, हा खेळ निघाला कुठून? कुणाला सुचलं?

झिपरीवाला

१९७८ चा क्रफ्ट्स डॉग शो, इंग्लंड. मधल्या वेळात प्रेक्षकांना बसवून ठेवायला काहीतरी हवं होतं. जॉन व्हार्ली आयोजकांपैकी, त्यांना घोड्यांच्या शो जंपिंगवरून कल्पना सुचली, आणि पीटर मीनवेल या प्रशिक्षकाने अडथळे आणि कुत्री उभी केली. लोकांना मुख्य कार्यक्रमापेक्षा तेच आवडलं. म्हणजे तिरकस, तुमचा क्लासचा आरोप चुकीचा. हा मधल्या सुट्टीतला खेळ आहे.

तिरकस

बरं, मागे घेतो.

भिंगरीची_माय

मंडळी, मधे बरेच दिवस लिहिलं नाही, सराव चालू होता. चटई जमली. आता मी चटई काढली की ती आधीच त्या जागेवर जाऊन आडवी होते, चटई यायच्याही आधी. कंबर कलण्याचं अगदी बरोबर लिहिलं होतंत, आता मला लांबूनही कळतं. घमेल्यावर डावीकडे फिरते, उजवीकडे फिरताना घमेल्यावरून उतरून माझ्याकडे बघते.

चालताना कपडा धरत नाही. हळू पळाले तरी नाही. जोरात पळाले की अजून धरते, पण दोरी पुढे टाकली तर नाही. संध्याकाळी मात्र काही केल्या जमत नाही. सकाळी शहाणी, संध्याकाळी वेडी. असं का?

पावलं_आणि_पंजे

झोप. दिवसभरात किती झोपते? वाढत्या वयाच्या कुत्र्यांना १६ तासांच्या पुढेमागे झोप लागते आणि माणसांनी भरलेल्या घरात ती मिळत नाही. कुणी आलं की उठते, दार वाजलं की उठते. संध्याकाळचा वेडेपणा बऱ्याचदा जागरणाचा असतो. दुपारी तिला एका खोलीत, पडदे ओढून, चघळायला काहीतरी देऊन दोन तास एकटं राहू द्या. संध्याकाळी सराव नको, हुंगत हुंगत फिरणं हवं. लांब पट्टा, तिच्या मर्जीने, तिच्या वेगाने.

मंदगती

अगदी. आणि सकाळचा सरावही तीन मिनिटांपुढे नको. ती 'अजून हवं' म्हणत असताना थांबायचं. आपल्याला नेमकं तेव्हाच जास्त करावंसं वाटतं.

उजवीकडचं घमेलं: कुत्र्यांचीही एक बाजू सोपी असते. उजवीकडे पूर्ण गोलाची अपेक्षा सोडा. एक पाय हलला, खाऊ, संपलं. पण सलग काही दिवस एकाच बाजूला अवघड जात असेल, बसताना एक पाय बाहेर टाकत असेल, तर डॉक्टरांना कंबर-गुडघा दाखवून घ्या. जिद्दी समजून रेटू नका.

भिंगरीची_माय

बसताना सरळ बसते, पण दाखवून घेते. सी-सॉबद्दल एक. घरी फळी आहे, खाली पाइप ठेवून करू का?

सुसाट_शेपूट

पूर्ण सी-सॉ आत्ता नाही. फळी आपटल्याचा आवाज आणि पायाखालची जमीन सरकणं, या दोन गोष्टी वेगवेगळ्या शिकवायच्या. सरकणं: एक छोटी चौकोनी फळी, खाली मोज्यात गुंडाळलेला टेनिस बॉल. ती कुठल्याही बाजूला दोन-चार सेंमी कलते. भिंगरीने पंजा ठेवून कलवली की खाऊ. ती स्वतः कलवते आहे, तिच्यावर होत नाहीये, हे महत्त्वाचं. आवाज: फळीचं एक टोक एका जाड उशीवर, तिने पंजाने दाबून खाली आणायचं, ठप्प झालं की खाऊ. मग उशी पातळ. उत्साही कुत्री आवाजाला घाबरत नाहीत असं आपल्याला वाटतं, पण ती बेभान असतात तेव्हा आवाज पोचत नसतो इतकंच. शांत झाल्यावर पोचतो. आत्ता ती शांत होतेय, म्हणून सांभाळून.

उनाड_पाऊल

मी पण आमच्या बोक्याएवढ्या कुत्र्यावर चटई सुरू केलीये, चेंडू माळ्यावर टाकला. एक शंका, क्लिकर (खाऊ येणार हे सांगणारी टकटक वाजणारी डबी) नसेल तर बॉलपेनचं बटण चालतं का?

मंदगती

चालतं, फक्त घरात कुणी फोनवर बोलताना पेन टकटक करत बसणारं नको. नाहीतर एक छोटा शब्द ठरवा, एरवी बोलण्यात न येणारा, आणि प्रत्येक वेळी त्यामागून खाऊ आलाच पाहिजे. खाऊचा हात शब्दानंतर हलू द्या, आधी नाही.